एका मुलीसाठी थांबणारी ट्रेन: आपल्या मोबाईलमधला जपान खरा किती?

बर्फाने झाकलेलं छोटंसं स्टेशन. प्लॅटफॉर्मवर शाळेच्या गणवेशातली एकच मुलगी. ट्रेन येते, तिला घेते आणि निघून जाते. स्क्रीनवर ओळी उमटतात: या स्टेशनवर एकच प्रवासी उरली आहे, तिचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत स्टेशन बंद करायचं नाही असं जपानच्या रेल्वेने ठरवलं. मागे हळुवार पियानो. आणि शेवटी ठरलेला प्रश्न, "आणि आपल्याकडे?"

ही गोष्ट कधी ना कधी तुमच्याही फोनवर आली असेल. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी टाकते, खाली हात जोडल्याचे इमोजी पडतात आणि विषय संपतो.

ही गोष्ट जगभर पसरली जानेवारी २०१६ मध्ये, चीनच्या सरकारी वृत्तवाहिनीच्या फेसबुक पेजवरून. स्टेशनचं नाव सांगितलं गेलं कामी-शिराताकी. जपानच्या उत्तर टोकाला असलेल्या होक्काइदो बेटावरचं हे स्टेशन. शाळकरी मुलगी खरी होती, बर्फही खरा होता. पण ती मुलगी चढायची शेजारच्या क्यू-शिराताकी स्टेशनवर. त्या गाडीने इतर विद्यार्थीही जायचे. आणि स्टेशन मार्चमध्ये बंद होणार होतं, कारण जपानी रेल्वेचं नवं वेळापत्रक दरवर्षी मार्चमध्येच लागू होतं. शाळेचं वर्षही तिथे मार्चलाच संपतं. दोन तारखा जवळ आल्या आणि गोष्ट तयार झाली.

खरी बातमी वेगळीच होती. होक्काइदोतली गावं रिकामी होतायत, तरुण शहरात गेलेत आणि रेल्वे तोट्यात आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जेआर होक्काइदो या रेल्वे कंपनीने जाहीर केलं की, आपल्या जाळ्यापैकी जवळपास निम्मे मार्ग एकट्याच्या बळावर चालवणं आता आपल्याला शक्य नाही. म्हणजे व्हिडिओ सांगत होता की जपान एका मुलीसाठी स्टेशन चालू ठेवतो. प्रत्यक्षात त्या भागात एकामागून एक स्टेशनं बंद होत होती.

मग जगाला ही गोष्ट इतकी का आवडली? कारण 'असा एक देश कुठेतरी असावा' ही आपली गरज आहे आणि त्या देशाचं नाव आपण जपान ठेवलंय. ही सवय मोबाईलसोबत आलेली नाही. गेली सुमारे पावणेदोनशे वर्षं बाहेरचं जग आपल्या गरजेप्रमाणे जपानचं चित्र काढत आलंय. कधी नाजूक बाहुली, कधी क्रूर शत्रू, कधी रोबोट, तर कधी गुरू.

कधीही न पाहिलेला जपान

१८५३ मध्ये अमेरिकी नौदलाचा अधिकारी मॅथ्यू पेरी युद्धनौका घेऊन जपानच्या किनाऱ्यावर धडकला. दोनशेहून जास्त वर्षं परदेशी व्यापारावर कडक निर्बंध ठेवणाऱ्या जपानला दारं उघडावी लागली. त्यानंतर जपानी छापील चित्रं, पंखे, किमोनो, चिनी मातीची भांडी युरोपात पोहोचली आणि पॅरिसला जपानचं वेड लागलं. १८७२ मध्ये या वेडाला नावही मिळालं, 'जपोनिझम'.

चित्रकार व्हॅन गॉग या वेडातला सगळ्यात प्रसिद्ध माणूस. १८८७ मध्ये त्याने हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या छापील चित्रांच्या नकला रंगवल्या. पुढच्या वर्षी तो दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी गेला आणि तिथल्या उन्हात त्याला जपान दिसू लागला. जपानमध्ये मात्र तो कधीच गेला नाही.

'मादामा बटरफ्लाय' या ऑपेराचंही तसंच. अमेरिकी नौदल अधिकाऱ्याच्या प्रेमात पडलेली, त्याची वाट बघत बसलेली आणि शेवटी जीव देणारी जपानी तरुणी ही त्याची नायिका. संगीतकार पुच्चीनीचा हा ऑपेरा १९०४ मध्ये इटलीत पहिल्यांदा सादर झाला. पुच्चीनी जपानला गेला नव्हता. ज्या कथेवर ऑपेरा बेतला, ती लिहिणारे अमेरिकी वकील जॉन ल्यूथर लाँग हेही गेले नव्हते. तरी सोशिक, नाजूक, त्यागी जपानी बाईची प्रतिमा जगभर रुजली ती इथूनच.

आणि सामुराईंचं 'बुशिदो'? शौर्य, निष्ठा, सन्मान यांची ती प्राचीन संहिता जगाला कळली ती मुख्यतः १९०० च्या सुमारास आलेल्या एका पुस्तकातून. लेखक जपानी होते, इनाझो नितोबे. पण पुस्तक त्यांनी इंग्रजीत लिहिलं, अमेरिकेत असताना आणि पाश्चात्त्य वाचकांसाठी. नितोबे स्वतः ख्रिश्चन होते. युरोपातल्या सरदारांच्या शौर्यसंहितेशी तुलना करत त्यांनी सामुराईंची नीती समजावली. पुढे हेच पुस्तक जपानीत गेलं आणि जपानमध्येही गाजलं. परक्यांसाठी काढलेला फोटो आवडला म्हणून घरात लावावा, तसं काहीसं हे झालं.

तोच देश, आधी आशा आणि मग भीती

१९०४-०५ मध्ये जपानने रशियाला युद्धात हरवलं. एका आशियाई देशाने युरोपातल्या बड्या सत्तेला लोळवलं, ही बातमी भारतासारख्या गुलामीतल्या देशांसाठी वीज अंगात शिरावी तशी होती. तेव्हा शाळकरी वयाच्या जवाहरलाल नेहरूंनाही या विजयांनी भारावून टाकलं होतं, असं त्यांनी आत्मचरित्रात नोंदवलंय. भारताच्या मनातला 'आदर्श जपान' तेव्हापासूनचा आहे.

या उत्साहात एक माणूस सावध होता, रवींद्रनाथ टागोर. जपानच्या कलेवर आणि सौंदर्यदृष्टीवर त्यांचं प्रेम होतं. पण १९१६ मध्ये जपानला गेल्यावर त्यांनी भाषणांमधून यजमानांनाच इशारा दिला की युरोपचा आक्रमक राष्ट्रवाद उचलू नका. सुरुवातीला झालेलं त्यांचं जंगी स्वागत या भाषणांनंतर थंडावलं. पुढे जपानने कोरिया, चीन आणि आग्नेय आशियात काय केलं, हा इतिहास आहे. कोरियात किंवा चीनच्या नानजिंगमध्ये ज्यांच्या घरातली माणसं मारली गेली, त्यांच्या मनातला जपान आपल्या रीलमधल्या जपानसारखा नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी माणसाचं जे चित्र काढलं, त्याची किंमत अमेरिकेतच राहणाऱ्या लोकांनी मोजली. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर, फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरं, दुकानं, शेतं सोडून काटेरी कुंपणाच्या छावण्यांमध्ये जावं लागलं. त्यातले जवळपास दोन तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. अमेरिकी सरकारने कायदा करून त्यांची माफी मागितली ती १९८८ मध्ये.

युद्ध संपल्यावर जपानने स्वतःची भीती पडद्यावर आणली. मार्च १९५४ मध्ये अमेरिकेने प्रशांत महासागरात बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. त्याची किरणोत्सारी राख 'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर २३ जण होते. सगळे आजारी पडले आणि त्यांच्यातला रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरमध्ये गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इशिरो होंडा यांचा 'गॉडझिला' आला. अणुचाचण्यांनी जागा झालेला राक्षस आणि अगदी सुरुवातीलाच समुद्रात पेट घेणारी बोट. जपानी प्रेक्षकाला वेगळं काही समजावण्याची गरज नव्हती.

१९५६ मध्ये हा सिनेमा अमेरिकेत लागला तो कापून, त्यात एका अमेरिकी पत्रकाराचं पात्र नव्याने घालून. अणुबॉम्बबद्दलचे टोकदार संदर्भ बोथट झाले. जगाच्या हाती उरला इमारती तुडवणारा एक मोठा सरडा.

गाडी जपानची, मार चिनी माणसाला

१९७० आणि ८० च्या दशकात जपानी गाड्या, टीव्ही आणि वॉकमन अमेरिकेच्या बाजारात घुसले आणि चित्र पुन्हा पालटलं. आता जपान म्हणजे भावना नसलेला, यंत्रासारखा, जग विकत घेणारा देश. १९८२ च्या 'ब्लेड रनर'मधल्या भविष्यातल्या लॉस एंजलिसवर गेशाच्या जाहिराती झळकतात. १९८८ च्या 'डाय हार्ड'मधला टॉवर जपानी कंपनीचा आहे. अभ्यासक या प्रकाराला 'टेक्नो-ओरिएंटॅलिझम' म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर, पूर्वेचा माणूस आधी मागासलेला म्हणून परका होता, आता फार पुढे गेला म्हणून परका झाला.

१९८७ मध्ये अमेरिकी संसदेच्या आवारात काही लोकप्रतिनिधींनी कॅमेऱ्यांसमोर तोशिबाचा रेडिओ घणाने फोडला. रेडिओवर निभावलं. पण त्याच्या पाच वर्षं आधी, जून १९८२ मध्ये, मोटार उद्योगाचं शहर असलेल्या डेट्रॉइटमध्ये व्हिन्सेंट चिन या २७ वर्षांच्या तरुणाला बेसबॉलच्या बॅटने मारण्यात आलं आणि चार दिवसांनी तो गेला. मारणारे दोघं मोटार उद्योगातले होते. तिथले कारखाने बंद पडत होते आणि राग जपानवर होता. व्हिन्सेंट चिनी वंशाचा होता. मारणाऱ्यांना प्रोबेशन आणि ३ हजार डॉलर दंड झाला, तुरुंगवास झाला नाही. अमेरिकेतल्या आशियाई वंशाच्या लोकांची नागरी हक्क चळवळ या प्रकरणातून उभी राहिली.

पडद्यावरची प्रतिमा 'फक्त करमणूक' असते असं म्हणणाऱ्यांसाठी हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मग जपानने स्वतःच चित्र विकायला घेतलं

नव्वदच्या दशकात जपानचा आर्थिक फुगा फुटला. भीती ओसरली आणि पिकाचू आला.

गंमत म्हणजे सुरुवातीला हा माल 'जपानी' वाटू नये याची काळजी घेतली जायची. अमेरिकेत पोकेमॉन दाखवताना ओनिगिरीला, म्हणजे भाताच्या जपानी मुटक्याला, संवादात चक्क 'जेली डोनट' केलं गेलं. चित्रात भात दिसतोय आणि पात्र म्हणतंय डोनट! आज याच्या उलट झालंय. प्रेक्षकाला ओनिगिरीच हवी असते आणि संवादही मूळ जपानीत.

२००२ मध्ये डग्लस मॅकग्रे या अमेरिकी पत्रकाराने एक लेख लिहिला. जपानची आर्थिक ताकद घटली असेल, पण 'कूल'पणा वाढतोय, असा त्याचा मुद्दा. टोकियोने ही कल्पना मनावर घेतली. २००८ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने डोरेमॉनला अधिकृत 'अ‍ॅनिमे राजदूत' नेमलं. २०१३ मध्ये सरकारी पैशांचा 'कूल जपान फंड' सुरू झाला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या समारोपात पंतप्रधान शिंझो आबे सुपर मारिओच्या वेशात अवतरले.

सरकारी फंडाचं पुढे फारसं बरं झालं नाही. २०२२ पर्यंत त्याचा एकूण तोटा ३० अब्ज येनच्या वर गेला होता. अ‍ॅनिमे मात्र सुसाट सुटलं. २०२३ मध्ये या उद्योगाची एकूण बाजारपेठ सुमारे ३.३ ट्रिलियन येन होती आणि त्यातला निम्म्याहून जास्त पैसा जपानबाहेरून आला. भारताचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये 'वेदरिंग विथ यू' भारतीय थिएटरांत लागला तो चाहत्यांच्या ऑनलाईन याचिकेनंतर. २०२५ मध्ये 'डीमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल'ला मोठमोठे हिंदी सिनेमे बाजूला पडावेत अशी गर्दी झाली.

पण ही चित्रं काढणाऱ्या हातांचं काय? संयुक्त राष्ट्रांच्या 'व्यवसाय आणि मानवाधिकार' कार्यगटाने २०२४ च्या जपानवरच्या अहवालात अ‍ॅनिमे उद्योगातली कमी कमाई, जास्तीचे तास आणि कलाकारांच्या हक्कांना नसलेलं संरक्षण याबद्दल चिंता व्यक्त केली. जगाला मोहून टाकणारी फ्रेम काढणारा अनेकदा फ्रीलान्सर असतो आणि नगावर पैसे घेतो.

भारतीय मुलांनी ज्या पात्रांसोबत बालपण काढलं, ती पात्रं मात्र वेगळाच जपान दाखवत होती. नोबिता परीक्षेत नापास होतो आणि आईचा ओरडा खातो. शिनचॅनच्या बाबांच्या डोक्यावर घराचं कर्ज आहे, ते लोकलमध्ये उभ्याने जातात आणि दमून घरी येतात. या मालिका जपानी प्रेक्षकांसाठी बनल्या होत्या, म्हणून त्यात जपान आदर्श नव्हता. शेजारच्या बिल्डिंगमधला वाटावा असा होता.

आणि त्याआधी आपल्याकडे काय होतं? १९६६ चा 'लव्ह इन टोकियो'. सिनेमा विसरला गेला, पण दोन मणी लावलेलं वेणीचं रबर आजही कित्येक घरांत 'लव्ह इन टोकियो'च आहे. दुसरीकडे मराठी वाचकाला जपान भेटला तो पु. ल. देशपांडेंच्या 'पूर्वरंग'मधून, प्रत्यक्ष तिथे जाऊन, माणसांशी बोलून लिहिलेला.

इकिगाईचे चार गोल कुणी काढले?

'तुम्हाला काय आवडतं, काय जमतं, जगाला काय हवंय आणि कशाचे पैसे मिळतात' असे चार गोल, मध्ये जिथे ते एकमेकांना छेदतात तिथे 'इकिगाई'. करिअरवरच्या प्रेझेंटेशनमध्ये हे चित्र हमखास असतं. प्राचीन जपानी ज्ञान म्हणून ते शेअर होतं.

हे चार गोल जपानी नाहीत. 'आयुष्याचा हेतू' सांगणारी ही आकृती आंद्रेस झुझुनागा या स्पॅनिश ज्योतिषाची. २०१४ मध्ये मार्क विन या ब्रिटिश ब्लॉगरने मधला 'हेतू' हा शब्द काढून तिथे 'इकिगाई' टाकला. पुढे गाजलेलं 'इकिगाई' हे पुस्तकही हेक्टर गार्सिया आणि फ्रान्सेस्क मिराल्स या स्पेनच्या लेखकांचं. ते २०१६ मध्ये आधी स्पॅनिशमध्ये आलं. आज ते मराठीतही मिळतं.

जपानीत इकिगाई हा साधा, रोजचा शब्द आहे. ज्यामुळे जगावंसं वाटतं ते. नातवंडं, कुंड्यांमधली झाडं, रविवारची मॅच, काहीही. त्यात पगाराचा गोल नाही.

जपानमध्ये या शब्दाचा गंभीर अभ्यास केला मानसोपचारतज्ज्ञ मिएको कामिया यांनी. त्यांचं पुस्तक १९६६ चं. नागाशिमा आइसेइएन या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत त्या काम करत होत्या. तिथल्या रुग्णांना कायद्याने घरादारापासून तोडून ठेवलेलं होतं आणि तो कायदा रद्द झाला थेट १९९६ मध्ये. सगळं हिरावल्यावरही काहींना जगावंसं वाटतं, काहींना नाही, असं का, हा कामियांचा प्रश्न होता. पुण्यात सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या ओकायामा शहरातल्या बागेवरून बेतलंय, त्याच ओकायामा प्रांतात ही वसाहत आहे. ज्या शब्दामागे इतकं दुःख उभं आहे, तो शब्द आपल्यापर्यंत आला तो 'सकाळी पाचला उठा' या सल्ल्यासोबत.

त्या स्पॅनिश पुस्तकामुळे ओकिनावा बेटांवरचं दीर्घायुष्यही गाजलं. पण तिथल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान जपानच्या ४७ प्रांतांमध्ये एकेकाळी पहिल्या क्रमांकावर होतं, ते २००० च्या आकडेवारीत २६ व्या क्रमांकावर घसरलं. अमेरिकी लष्करी तळांसोबत आलेला आहार हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. जपानमधल्या अमेरिकी तळांची सुमारे ७० टक्के जमीन याच छोट्या प्रांतात आहे.

२० सेकंदांची माफी आणि ९० सेकंदांचा उशीर

नोव्हेंबर २०१७ मध्ये टोकियोजवळची एक ट्रेन ९ वाजून ४४ मिनिटं ४० सेकंदांऐवजी ९.४४.२० ला सुटली. २० सेकंद लवकर. कंपनीने माफी मागितली. बातमी खरी होती आणि जगभर गेली.

आता दुसरी, तितकीच खरी, पण रीलमध्ये न येणारी गोष्ट. २५ एप्रिल २००५ ची सकाळ. ओसाकाजवळच्या आमागासाकीत जेआर वेस्ट कंपनीची लोकल वळणावर रुळांवरून उतरली आणि एका रहिवासी इमारतीत घुसली. चालकासह १०७ जणांचा जीव गेला. वळणावर वेगमर्यादा होती ताशी ७० किलोमीटर. गाडी होती सुमारे ११६ वर.

चालकाचं वय २३. आधीच्या स्टेशनवर गाडी प्लॅटफॉर्मच्या पुढे गेली होती, ती मागे घ्यावी लागली आणि दीड मिनिटाच्या आसपास उशीर झाला. या कंपनीत चूक करणाऱ्या चालकाला 'निक्किन क्योइकु' नावाचं 'पुनर्शिक्षण' दिलं जायचं. प्रत्यक्षात ती शिक्षा असायची. गाडी चालवणं बंद, दिवस दिवस कबुलीजबाब लिहीत बसायचं, वरून अपमान. या चालकाने ती आधी भोगली होती. आपल्या चुकीची नोंद कंट्रोल रूमकडे कशी जातेय, याकडे त्याचं लक्ष लागलं होतं आणि ब्रेक लावायला उशीर झाला, असं चौकशीत पुढे आलं. त्या वळणावर वेग आपोआप कमी करणारी आधुनिक यंत्रणा नव्हती. अपघातानंतर ती बसवली गेली आणि वेळापत्रकातही मोकळीक ठेवण्यात आली.

याचा अर्थ जपानी रेल्वे वाईट आहे असा नाही. १९६४ पासून धावणाऱ्या शिंकानसेन बुलेट ट्रेनमध्ये गाडी घसरून किंवा टक्कर होऊन आजवर एकाही प्रवाशाचा मृत्यू झालेला नाही. मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी भारताने निवडलेलं तंत्रज्ञान तेच आहे. पण त्या विक्रमाचं श्रेय स्वतंत्र रूळ, फाटकांशिवायचा मार्ग, वेग आपोआप आवरणारी यंत्रणा आणि रोजची देखभाल यांना जातं. रील मात्र सगळं श्रेय 'संस्कारां'ना देऊन मोकळं होतं.

टोकियोचं 'कचरा युद्ध'

सगळ्यात लाडकी प्रतिमा म्हणजे स्वच्छ जपान. शाळेतली मुलं वर्ग झाडतात, फुटबॉल मॅचनंतर प्रेक्षक स्टेडियम साफ करतात. दोन्ही खरं आहे. पण त्यावरून 'स्वच्छता त्यांच्या रक्तातच आहे' असा निष्कर्ष निघतो, तिथे गडबड होते.

१९६५ च्या उन्हाळ्यात टोकियोच्या कोतो भागात माश्यांचे थवे घराघरांत घुसले. जवळच समुद्रात भराव टाकून केलेला कचरा डेपो होता. माश्या मारायला शेवटी डेपोलाच आग लावावी लागली. या डेपोचं नाव 'युमेनोशिमा', म्हणजे स्वप्नांचं बेट.

शहराचा बहुतेक कचरा कोतोच्या रस्त्यांवरून जायचा. दुसरीकडे सुगिनामीसारख्या सुखवस्तू भागात कचरा जाळण्याचा प्रकल्प आला की तिथले रहिवासी विरोध करायचे. कचरा आमचा, पण तो जाळायचा दुसऱ्याच्या दारात! १९७१ मध्ये राज्यपाल र्योकिची मिनोबे यांनी जाहीरच केलं की टोकियोत 'कचरा युद्ध' सुरू आहे. पुढे कोतोच्या लोकांनी सुगिनामीच्या कचरागाड्या रस्त्यात अडवल्या. वाद कोर्टात गेला, तडजोड झाली आणि सुगिनामीचा प्रकल्प सुरू व्हायला १९८२ उजाडलं.

फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या कचरा डेपोविरुद्धची आंदोलनं पाहिलेल्या पुणेकरांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

हवेचं आणि पाण्याचंही तसंच. मिनामाता गावात रासायनिक कारखान्याच्या पाण्यातला पारा माशांत आणि माशांतून माणसांत गेला. पीडितांनी वर्षानुवर्षं लढा दिला. अशा आंदोलनांच्या रेट्याखाली १९७० मध्ये जपानच्या संसदेने एका अधिवेशनात प्रदूषणाविरुद्धचे १४ कायदे केले. आजचा स्वच्छ जपान कायदे, कर, कोर्ट आणि रस्त्यावर उतरलेले लोक यांनी घडवला. रीलमध्ये यातलं काहीच दिसत नाही. दिसतो तो फक्त झाडू.

आणि म्हणूनच ही प्रतिमा आपल्या तोट्याची आहे. स्वच्छता रक्तात असते असं मानलं, की महापालिकेला जाब विचारायचं कारण उरत नाही. "आपले लोकच तसले" म्हणून सगळे मोकळे होतात.

फोटोच्या मागे राहणारी माणसं

या प्रतिमेचा भार आता खुद्द जपानी गावांवर पडतोय. २०१३ मध्ये जपानला जाणाऱ्या परदेशी पर्यटकांनी पहिल्यांदा १ कोटींचा आकडा गाठला. २०२४ मध्ये ते ३ कोटी ६८ लाखांवर गेले. येन स्वस्त झाला हे एक कारण, इन्स्टाग्राम हे दुसरं.

फुजीकावागुचिको गावात एका साध्या दुकानाच्या छपरामागे फुजी पर्वत दिसतो. तो फोटो व्हायरल झाला आणि लोक रस्ता कसाही ओलांडू लागले, कचरा टाकू लागले, समोरच्या दवाखान्याच्या जागेत गाड्या लावू लागले. मे २०२४ मध्ये गावाने तिथे अडीच मीटर उंच आणि वीस मीटर लांब काळी जाळी लावून फुजीच झाकून टाकला. ऑगस्टमध्ये वादळाच्या शक्यतेमुळे जाळी काढली, नंतर पुन्हा लावली नाही. क्योतोच्या गिऑन भागात त्याच वर्षी खासगी गल्ल्यांमध्ये पर्यटकांना बंदी झाली, दंड १० हजार येन. कारण कामावर निघालेल्या गेइको आणि माइको, म्हणजे आपण ज्यांना सरसकट गेशा म्हणतो त्या कलाकार, यांच्या मागे लोक कॅमेरे घेऊन धावत होते. 'मादामा बटरफ्लाय'ला १२० वर्षं झाली होती.

चित्र बदलतंय का? थोडं. 'शोगुन' ही कादंबरी १९७५ ची. तिच्यावरच्या १९८० च्या मालिकेत गोष्ट गोऱ्या खलाशाच्या नजरेतून होती आणि जपानी संवादांना बहुतांशी सबटायटल्सही नव्हती, कारण त्याला जे कळत नाही ते प्रेक्षकालाही कळू नये. २०२४ च्या नव्या 'शोगुन'मध्ये बहुतेक संवाद जपानीत आहेत. नायक हिरोयुकी सानादा निर्मातेही आहेत आणि किमोनो कसा नेसायचा इथपर्यंतचे तपशील तपासायला जपानी जाणकार होते. या मालिकेने १८ एमी पुरस्कार घेतले. लोकांना खरं पाहायचंच नसतं, ही सबब त्यामुळे लंगडी पडली.

पुढच्या वेळी फॅमिली ग्रुपवर 'जपानमध्ये बघा' असं काही आलं, तर ते खोटंच असेल असं नाही. फक्त तीन प्रश्न विचारून बघता येतील. हे कुणी सांगितलं? यासाठी कुणी किंमत मोजली? आणि हे आपोआप झालं, की कुणी भांडून मिळवलं?

माश्यांनी भरलेलं ते 'स्वप्नांचं बेट' आज टोकियोतलं हिरवंगार उद्यान आहे. तिथे एका इमारतीत जुनी लाकडी बोट जपून ठेवलेली आहे. 'दाइगो फुकुर्यू मारू', म्हणजे गॉडझिलाच्या वर्षी किरणोत्सारी राख झेललेली तीच बोट. पुढे ती मोडीत काढून याच डेपोवर टाकून दिली होती. ती वाचवा म्हणून सामान्य नागरिकांनी मोहीम चालवली आणि १९७६ मध्ये तिचं संग्रहालय झालं. टोकियोत राहणाऱ्या किंवा फिरायला जाणाऱ्या मराठी माणसांनी शिबुयाच्या चौकातलं रील करून झालं की तिथेही चक्कर मारायला हरकत नाही. स्टेशनवरून चालत जाता येतं.